घराण्याची वही : 'ज.'ची भानगड

गेल्या अंकात शेवटी मी सहज लिहून गेले, की जुन्या कागदांतली तुटकी अक्षरं अडत असतील तर कळवा. कळवलंत! पाकिटं आली, फोनवर फोटो आले, एक गृहस्थ तर पत्र्याची ट्रंक रिक्षात घालून थेट पडवीत हजर झाले. तालुक्याच्या अभिलेख कक्षात मी एकतीस वर्षं दप्तरांचे रुमाल सोडले नि बांधले, त्यामुळे कसर, वाळवी आणि आद्याक्षरं या तिन्हींची मला सवय आहे. तरी काही कागदांनी दोनदा चष्मा पुसायला लावला. सगळ्यांना इथे जागा नाही. ज्यांची उत्तरं इतरांच्याही कामी येतील, ती आधी घेते.

प्रश्न : ताई, आमच्या जुन्या सातबाऱ्यावर 'जानकी ज. गोविंद' असं नाव आहे. आमच्या छापील कुलवृत्तान्तात 'ज.' म्हणजे जन्म. म्हणून काकांनी वंशावळीत जानकीला गोविंदाची मुलगी दाखवलं. पण आजी सांगायची की जानकी तिची सासू, आणि गोविंद सासरे. मग आता पणजोबांची बायको कोण? घरात दोन तट पडलेत. (गुहागर तालुका)

उत्तर : आजीचा तट धरा. सातबाऱ्यावरचा 'ज.' म्हणजे जौजे, मूळ अरबी शब्द, अर्थ बायको. जानकी ही गोविंदाची बायको. काकांनी पुस्तकाची किल्ली महसुलाच्या कुलपाला लावली, एवढंच झालं. कुलवृत्तान्तांत 'ज.' जन्म, 'मृ.' मृत्यू, 'वि.' विवाह, 'मा.' माहेर अशी अक्षरं असतात. ती त्या पुस्तकापुरती ठरवलेली असतात आणि बहुधा सुरुवातीच्या पानांत त्यांची यादी दिलेली असते. ते पान कोणी वाचत नाही, सगळे थेट आपल्या शाखेच्या पानावर जातात.

महसुली कागदात नवऱ्याचं नाव जोडायच्या तीन तऱ्हा दिसतात : 'ज.' म्हणजे जौजे, 'भ्र.' म्हणजे भ्रतार, आणि 'कोम' किंवा नुसतं 'को.'. आपल्याकडे 'कोम' पुष्कळ सापडतं. अर्थ तिन्हींचा एकच, अमक्याची बायको. बापाचं नाव जोडायचं तर 'बिन' किंवा 'वलद'. एका बाईंनी 'को.' म्हणजे कोळी असं धरून आपली पणजी बंदरावरच्या घरातली ठरवली होती आणि त्यावर घराण्यातल्या प्रेमविवाहाची एक सुंदर कथाही रचली होती. ती मोडताना मलाच वाईट वाटलं.

तुम्ही फोटो पाठवलाय तर आणखी थोडं सांगते, कारण उतारा चांगला आहे. गोविंदाच्या थोरल्या मुलाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' आहे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन त्याच्या एकट्याची नव्हती, घराच्या वतीने नाव त्याचं लागलं होतं. त्यामागे धाकटे भाऊ दडलेले असतात. तुमच्या वंशावळीत मात्र तो एकुलता एक आहे. तिथे खणायला हवं. खालच्या नावापुढचं 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मूल सज्ञान नसलं की त्याच्या नावापुढे हे लिहून आई किंवा चुलत्याचं नाव घालत. वंशावळवाल्यासाठी हे तीन अक्षरांचं सोनं आहे. बाप गेला तेव्हा मूल अठराच्या आत होतं, हे त्यात आयतं मिळतं.

नावाला कंस केलाय म्हणजे त्या नावाचा हक्क संपला. तो मेला, त्याने विकलं, की वाटणीत गेलं, हे कंस सांगत नाही. ते सांगतो नावाजवळच्या गोलातला आकडा. तो फेरफार नंबर, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा. तो घेऊन गाव नमुना ६ ची, म्हणजे फेरफाराची नक्कल मागा, आणि वारसाची नोंद असेल तर ६ क चीही. फेरफारात चार-सहा ओळींचा मजकूर असतो : अमुक मयत, अमुक तारखेस, वारस अमुक अमुक. लोक सातबारा फ्रेम करायच्या बेताने जपतात आणि फेरफार बघतही नाहीत. मी म्हणते, सातबारा म्हणजे घराचं दार. माणसं फेरफारात बसलेली असतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याआधीच्या वारसनोंदींत मुली सहसा नसतात. चुकून मुलगी झालेली जानकी सोडली, तर काकांनी तुमच्या शाखेत चार पिढ्या सलग नुसते मुलगे दाखवलेत. असं कुठलं घर असतं का? मुली होत्या, लग्न होऊन गेल्या, कारकुनाच्या रकान्यात त्यांना जागा नव्हती. १९५६ नंतरच्या नोंदींत त्या एकदम उगवतात, पुष्कळदा हक्कसोड पत्रात, म्हणजे 'मला काही नको' अशी सही करताना. माझ्या माहेरच्या तीन आत्यांची पूर्ण नावं मला अशा एका हक्कसोडीतच पहिल्यांदा कळली. घरात त्या माई, ताई नि बाई होत्या.

प्रश्न : आत्याच्या १९५० च्या सुमाराच्या लग्नपत्रिकेवरून तिचं लग्नाआधीचं नाव 'कांता' होतं असं दिसतं. पण तिच्या शाळेच्या दाखल्यावर 'सुमती' आहे. नाव शाळेतच बदललं असेल का? (चिपळूण)

उत्तर : पत्रिकेत 'चि. सौ. कां. सुमती' असंच असणार, फोटोत शेवटचा शब्द घडीखाली गेलाय. 'कां.' म्हणजे कांक्षिणी, सौभाग्याची इच्छा धरणारी. वंशावळीतून कांताला काढून टाका.

प्रश्न : लंडनच्या पुतण्याने आमच्या घराण्याचा तक्ता संगणकावर इंग्रजीत करून पाठवला. त्यात खापरपणजोबांच्या धाकट्या भावापुढे 'डी.एस.पी.' लिहिलंय. आपल्या घरात इंग्रजांच्या काळी इतका मोठा पोलीस अधिकारी होऊन गेला आणि आम्हाला पत्ता नाही! यंदाच्या गणपतीत आरतीनंतर मी हे जाहीरही केलं. त्यांचा फोटो किंवा बिल्ला कुठे मिळेल? (मालवण)

उत्तर : आता जाहीर केलंच आहे, तर पुढचं जरा हळू सांगा. ते तुमचे पूर्वज पोलिसात नव्हते. इंग्रजी वंशावळींत बारीक अक्षरांत 'डी.एस.पी.' लिहितात ते लॅटिन आहे : डिसेसिट साइने प्रोले, म्हणजे मागे मूलबाळ न ठेवता वारला. आपल्याकडच्या पुस्तकांत 'निपुत्रिक' किंवा 'निःसंतान' लिहितात, तेच ते. शिवाय तक्त्यात त्यांचा काळ १८८० च्या आसपासचा आहे. त्या काळी जिल्ह्याच्या पोलीस सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीत बहुतेक गोरा साहेबच बसलेला असायचा.

पुतण्याला दोष देऊ नका, त्याने तिकडच्या पद्धतीने नीट काम केलंय. त्याच्या तक्त्यातली बाकीची अक्षरंही समजून घ्या. 'बी.' जन्म, 'एम.' लग्न, 'डी.' मृत्यू. 'सी. १८६०' म्हणजे १८६० च्या सुमारास. 'सी' लॅटिन सर्का या शब्दाचा. 'डी.व्ही.पी.' दिसलं तर तो माणूस बाप जिवंत असताना गेला. 'एल.एन.यू.' म्हणजे आडनाव माहीत नाही. तुमच्या तक्त्यात पणजीच्या माहेराकडची सगळी मंडळी 'लनू' आडनावाची झाली आहेत ती त्यामुळे. ते आडनाव नव्हे, रिकामी जागा आहे. एकच नाव असलेल्या आपल्याकडच्या माणसाला अमेरिकेच्या व्हिसावर 'एफ.एन.यू.' चिकटतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. त्याचीच ही भावंडं. आणि फाइलच्या नावात जे 'जेडकॉम' आहे, तो वंशावळीची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायचा ठराविक साचा. फाइल जपून ठेवा, छापील तक्त्यापेक्षा ती उपयोगाची.

एका बाबतीत मात्र पुतण्याला कळवाच. त्याच माणसाखाली पेन्सिलीने 'द.' आणि पुढे एक नाव आहे, असं तुम्ही लिहिलंय. 'द.' म्हणजे दत्तक. ज्याने दत्तक घेतला त्याचा वंश आपल्या रिवाजाप्रमाणे खुंटलेला नसतो. श्राद्ध त्याच्या नावाने होतं, जमीन त्याच्याकडून येते, गोत्रही त्याचंच लागतं. लॅटिन अक्षरांना हे बोलता येत नाही. तक्त्यात दोन रेघा काढायला सांगा, जन्मदात्याकडे तुटक आणि दत्तक बापाकडे सरळ. पोलीस अधिकारी गेला, पण बदल्यात एक अख्खी शाखा मिळाली, हेही आरतीनंतर जाहीर करायला हरकत नाही.

प्रश्न : देवघरामागच्या पेटीत मोडी कागद मिळाला. वाचून देणाऱ्या सरांनी देवनागरीत उतरवून दिला, पण 'मौ॥', 'त॥', 'प्रा॥ राजापूर', 'बि॥' आणि 'सु॥ तिसा सबैन मया व अलफ' असं जसंच्या तसं ठेवलं. दोन रेघा म्हणजे श्लोकाचा शेवट ना? मग मधेच कशा? (राजापूर)

उत्तर : सरांनी जसंच्या तसं ठेवलं ते उत्तम केलं. हल्ली पुष्कळजण उलगडून लिहितात आणि उलगडताना आपल्या पदरचं घालतात.

मोडीत अक्षरापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे 'शब्द पुढे आहे, तो तुम्ही जाणता' अशी खूण. मौ॥ मौजे, क॥ कसबे, त॥ तर्फ (काही गावांचा गट), प्रा॥ प्रांत, बि॥ बिन, व॥ वलद, मु॥ मुक्काम. पत्ता तयार झाला : मौजे अमुक, तर्फ तमुक, प्रांत राजापूर. तर्फेचं नाव सोडू नका. एकाच नावाची गावं कोकणात ढिगाने आहेत, त्यांतलं आपलं कोणतं हे तर्फेवरूनच ठरतं.

मात्र याच रेघा आकड्यापुढे आल्या तर अर्थ बदलतो. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. '२॥' म्हणजे अडीच. तुमच्या कागदात 'भात खंडी १॥' आहे ते दीड खंडी. दीड खंडीचं सरांनी बरोबर लिहिलंय, खालच्या बेरजेत तुम्हीच ते एक धरलंत.

आता सन. 'सु॥' म्हणजे सुहूर सन. आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून सुरू : तिसा नऊ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७९. त्यात ५९९ मिळवा, १७७८ येतं. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलायचं, शेतीच्या वर्षाबरोबर. म्हणून कागद जानेवारी ते मे यांतला असेल तर ६०० मिळवायचे. तुमच्या कागदात 'छ' आणि पुढे मुसलमानी महिन्याचं नाव आहे. तो 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे चांद्र तारीख. ती नीट उतरवून पाठवा, मग नेमका दिवसही काढता येईल. 'छ' पाहून 'छत्रपती' वाचणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या घराण्यात मग दर कागद स्वारीवरूनच सुटतो.

प्रश्न : आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'ज. ता.' १ जून, 'जि. रत्नागिरी' आणि शेरा 'व्ह. फा. उत्तीर्ण'. आम्ही तर सिंधुदुर्गातले. दाखला दुसऱ्याच कोणाचा आहे का? (कणकवली)

उत्तर : आजोबांचाच. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधी तुम्ही रत्नागिरीतच होतात. तसंच रायगडच्या मंडळींनी 'जि. कुलाबा' शोधावं. 'व्ह. फा.' म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवीची परीक्षा. ती झाली की माणूस मास्तर किंवा तलाठी व्हायला मोकळा. १ जूनवर मात्र विसंबू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि जन्मतारीख माहीत नसलेल्या प्रत्येक पोराला मास्तर हीच तारीख देत. खरी हवी तर गाव नमुना १४, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक बघा.

प्रश्न : आजोबांच्या पंचांगाच्या समासात 'आ. व. ७ शके १८५३ मातोश्री कै. जाहल्या' अशी नोंद आहे. आषाढ धरायचा की आश्विन? भटजी म्हणतात तुम्हीच ठरवा. (श्रीवर्धन)

उत्तर : या प्रश्नाचं उत्तर देण्याचा मला अधिकार आहे, कारण यात मी स्वतः आपटलेय.

माझ्या पणजीच्या मृत्यूची अशीच 'आ. व.' नोंद आमच्या घरी होती. घरात कागद वाचणारी मी, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या ऐटीत 'आषाढ' म्हटलं. पुढे अकरा वर्षं भर पावसात, ओल्या गोवऱ्यांच्या धुरात डोळे चोळत आमच्याकडे तिचं श्राद्ध झालं. मग एकदा माळा साफ करताना त्या वर्षीची खर्चाची वही मिळाली. दहाव्या-बाराव्याचा खर्च ज्या पानावर होता, त्याच पानावर वरती 'कापणीचे गडी ४' अशी मजुरी मांडलेली! आषाढात आमच्याकडे लावणी चालते. कापणी आश्विनात. माझी थोरली काकू वही बघून एवढंच म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षं आजेसासूबाई आमच्या दारात तीन महिने आधीच येऊन ताटकळत होत्या." त्यानंतर मी एका अक्षरावरून महिना सांगत नाही.

तुम्हीही तसंच करा. आधी आजोबांनी त्याच पंचांगात दुसरीकडे काय लिहिलंय ते बघा. काही जण आषाढाला 'आषा.' लिहून आश्विनाला नुसतं 'आ.' ठेवत, काही उलट. एका माणसाची सवय सहसा बदलत नाही. 'मा.'चीही हीच गत, माघ की मार्गशीर्ष. मग दुसरा पुरावा शोधा : खर्चाची वही, कोतवाल बुक, सांत्वनाचं पत्र. शके १८५३ मध्ये ७८ मिळवून १९३१ येतं. म्हणजे कोतवाल बुकात १९३१ चे जुलै-ऑगस्ट आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर एवढंच चाळायचंय. शकाच्या शेवटच्या महिन्यांत, जानेवारी लागल्यावर, ७९ मिळवतात, पण तुमच्या नोंदीला ते लागू नाही.

श्रीवर्धन तेव्हा जंजिरा संस्थानात होतं. म्हणून 'सं. जंजिरा' असं शीर्षक असलेली दप्तरंही विचारा. तिथला 'सं.' संस्थान, संवत नव्हे. काशीच्या उपाध्यायांकडची नोंद मिळाली तर आणखी एक खोच आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपलं आश्विन वद्य त्यांच्या वहीत कार्तिक कृष्ण असतं. दोन वेगळ्या तिथी समजून भांडू नका.

आणि ठरेपर्यंत सर्वपित्री अमावास्येला पान वाढा. तिथी माहीत नसलेल्यांची सोय त्या दिवशी आहेच.

प्रश्न : जुन्या उताऱ्यात 'कु. रामा विठू'. रामा कुमार होता की कुणबी? (संगमेश्वर)

उत्तर : रकाना कोणता ते लिहिलं नाहीत. इतर हक्कात असेल तर कूळ, दुसऱ्याची जमीन कसणारा. 'सं. कु.' असेल तर संरक्षित कूळ. जातीच्या रकान्यात असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यावर दाखला मिळेल का हे समितीला विचारा, मला नको. आणखी एक : तुमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, म्हणून रामा विठू, विठू रामा, पुन्हा रामा विठू अशी साखळी आहे. दोन रामा एकच समजून तुम्ही मधली दोन माणसं गाळलीत. त्या हिशेबाने रामा एकशे तीस वर्षं जगला.

प्रश्न : पोटमाळ्यावर एक कार्ड सापडलं. 'ती. स्व. रा. रा. आबांस, बालके बाबूचे कृ. सा. न. वि. वि.' अशी सुरुवात. शेवटी 'सौ. वहिनींस व गं. भा. काकूंस सा. न., चि. बाळास अ. उ. आ. क. लो. अ.' आबा म्हणजे माझे आजोबा. पण हा बाबू कोण? घरात कोणालाच आठवत नाही. मधल्या मजकुरात फक्त आंब्यांच्या पेट्यांचा हिशेब आहे. (देवरुख)

उत्तर : आंब्यांचा हिशेब बाजूला ठेवा, नातं सगळं अक्षरांत आहे. बापाला लिहिताना 'तीर्थरूप', बापासारख्या वडीलधाऱ्याला 'तीर्थस्वरूप'. इथे 'ती. स्व.' आहे, म्हणजे आबा बाबूचे वडील नव्हेत. 'बालके' आणि 'कृतानेक साष्टांग नमस्कार', म्हणजे लिहिणारा लहान. आबांच्या बायकोला 'वहिनी' म्हणतोय, म्हणजे आबा त्याचे थोरले भाऊ. सख्खे की चुलत? 'काकू' शब्द बघा. आबांच्या घरात राहणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला तो आई म्हणत नाही, काकू म्हणतो. ती आबांची आई असेल तर बाबू चुलत भाऊ. ती 'गं. भा.' आहे, गंगा भागीरथी, म्हणजे कार्ड लिहिलं तेव्हा तुमचे पणजोबा हयात नव्हते. आणि 'बाळा'ला 'अनेक उत्तम आशीर्वाद', म्हणजे तुमच्या वडिलांचा किंवा काकांचा जन्म झालेला होता. या दोन घटनांच्या नंतरचं हे कार्ड. पणजोबांच्या वारसाचा फेरफार काढलात की एक टोक पक्कं होईल.

आपल्याकडे काही घरांत आईलाही काकू म्हणतात, हे लिहिता लिहिता आठवलं. तेव्हा सख्खा भाऊ अजून बाद झालेला नाही. तुमचे वडील आजीला काय म्हणायचे ते विचारा.

कार्डाची दुसरी बाजू तुम्ही पाठवलीच नाहीत. तिचा फोटो काढा, उन्हात, तिरपा धरून. राजाचं डोकं छापलेलं आहे का, शिक्क्यावरचं गाव आणि साल वाचता येतं का, ते कळवा. आणि पत्त्यात 'मा.' आहे का तेही बघा. तिथला 'मा.' ना माघ, ना माहेर. तो मार्फत. मुंबईहून आलेलं असेल तर ज्याच्या खोलीवर बाबू उतरला होता, त्याचं नाव त्यापुढे असेल.